आप्पा प्रार्थनेतून उठून गेले तेव्हा

आमचे आप्पा फौजेतून आलेले. ‘चुकलो’ हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नव्हता. पण त्या रविवारी चर्चमध्ये काय झालं, ते सांगतो.

शेजारच्या शंकरतात्यांनी आमचा बांध कोरला, असा आळ आप्पांनी भर चावडीत घेतला होता. पुढं मोजणी झाली आणि बांध जागच्या जागी निघाला. तरी आप्पा दोन वर्षं गप्पच. त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, “कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवा.” आप्पा ताडकन उठून बाहेर पडले. मी घाबरून त्यांच्या मागं धावलो.

तात्या गोठ्यापाशी वैरण तोडत होते. मान वर न करता म्हणाले, “आता काय ऱ्हायलंय?”

“माफी ऱ्हायलीया. मी चुकलो, तात्या. बांध तुमी कोरला न्हवता.”

तात्यांनी विळा खाली ठेवला.

“आवं, पर ह्या टायमाला तुमी चर्चात असता न्हवं?”

“हितं आल्याबिगर तिथला घास गिळवंना.”

“आन आता?”

“आता संपलं असंल.”

“असं कसं संपंल? चला, मी येतो संगं.”

आम्ही पोचलो तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. तात्यांनी दारात चपला काढल्या आणि सगळ्यांदेखत पाळकांना हाक मारली, “सायेब, ह्यांचं तेवढं वाढा. आमचं मिटलं.”