मलमासात राहिलेला स्लॅब

(बदलापूरच्या मांजर्लीत राहणाऱ्या एका संस्कृत शिक्षकांनी सांगितले, तसे लिहून घेतले.)

विघ्नहर्त्या श्रीगजाननाला आणि आमच्या कुलस्वामिनीला वंदन करून बोलतो. आज माडीवरच्या खोलीत उदकशांत झाली, कलशांतले अभिमंत्रित जल चारही भिंतींवर शिंपडून झाले, ब्रह्मवृंद जेवून गेला, आणि तुम्ही वही उघडून बसलात की गुरुजी, हे घर कसे झाले ते सांगा. तुम्ही माझे विद्यार्थी खरे, परंतु आता लेखणी तुमच्या हाती आहे, म्हणून अहो-जाहोच करतो. एक मात्र आधी लिहून घ्या. लोक म्हणतात, गुरुजींनी मोठ्या धैर्याने घर उभे केले. तसे नाही हो. मी भीत भीत घर उभे केले, आणि त्या भयाला मी शास्त्र असे नाव देत होतो, हा माझा अपराध.

माझा जन्म रत्नागिरीकडच्या एका खेड्यातला. वडील पाच गावांची भिक्षुकी करीत. त्यांनी एका वर्षी वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणला होता, ती फिटेपर्यंत त्यांनी वाण्याच्या दुकानावरून जाणारा रस्ता टाकला, खाडीच्या चिखलातून फेरा घालून ते देवळात जात. मी विचारी, बाबा, चिखलातून का? ते म्हणत, इकडे सावली आहे. तिकडे सावली मुळीच नव्हती. मग मी पाठशाळेत शिकलो, परीक्षा दिल्या, आणि अंबरनाथच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यासाठी आलो. भाड्याची एक खोली, पत्नी, पुढे कन्या वैदेही. रविवारी चार ठिकाणी पूजा सांगत असे. त्यातून थोडे साठवून, थोडे पतपेढीचे कर्ज काढून ऐंशी सालानंतर मांजर्लीत दोन खोल्यांचे कौलारू घर घेतले. घर स्वस्त का, हे मी विचारले नाही. विकणारा शेतकरी मात्र प्रामाणिक होता, तो म्हणाला, गुरजी, सांगून ठेवतो हां, नदी कधीमधी उंबऱ्यापरत येते, मग म्हनू नका सांगितला नाय. मी म्हटले, उल्हास नदी आहे, नावातच आनंद आहे. तो हसला नाही.

दोन पावसाळ्यांत पाणी अंगणापर्यंत आले आणि परतले. तिसऱ्या वर्षी उंबरा ओलांडून घरात आले, पोथ्या भिजल्या. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, अहो, वर एक खोली हवी, नदी आली तर निदान वर जाऊन बसता येईल. म्हणजे कौले उतरवायची, खांब उभे करायचे, स्लॅब घालायचा. पहिले कर्ज फिटत आले होते, त्यावर दुसरे काढायचे. पतपेढीला जामीन हवा होता. आमच्या शाळेत गणित शिकवणारे कांबळे सर अंबरनाथच्याच बुवापाड्याला राहत, बौद्ध धर्म त्यांच्या वडिलांनी घेतलेला, विचाराने माझ्या अगदी उलट, आणि तरी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे एकाच बाकावर डबा खात असू. मी त्यांच्याशी बोलण्यापूर्वी तीन दिवस घुटमळलो. ते म्हणाले, शास्त्रीबुवा, एवढे लाजताय कशाला, मुलगी मागायला आल्यासारखे? आणा तो कागद. सही केली, आणि मग पेनाचे टोपण लावता लावता म्हणाले, फक्त हप्ता चुकवू नका. तुमचा चुकला तर माझ्या पगारातून कापतील, आणि माझी सुजाता यंदा डी.एड.ला जातेय.

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणापासून माझी झोप गेली. माझे घर बुडाले तर माझे बुडेल, ते प्रारब्ध. परंतु माझ्या हप्त्यापायी दुसऱ्याच्या लेकीचे शिक्षण राहिले तर ते कोणत्या प्रायश्चित्ताने फिटावे?

सिमेंट आणि सळ्या उल्हासनगरच्या एका सिंधी शेठजींनी उधारीवर दिल्या. त्यांच्याकडे मी दरवर्षी सत्यनारायण सांगत असे. ते म्हणाले, पंडितजी, माल उठाओ, आप तो भगवान के आदमी हो, आपका पैसा कहाँ जाता है. त्यांनी चार कठोर शब्द बोलून दिले असते तर बरे झाले असते, त्या आदराचे मला अधिक भय वाटू लागले.

वैशाखात कौले उतरली. खांब झाले. इस्माईल मिस्त्रींनी खाली लाकडी टेकू लावून वर फळ्या आणि पत्रे अंथरले, त्यावर सळ्यांची जाळी बांधली. या साऱ्याला सेंट्रिंग म्हणतात, आणि त्याचे भाडे दिवसावर असते. आम्ही मागच्या पडवीत चूल मांडून तिथेच राहू लागलो. आता फक्त स्लॅब ओतायचा राहिला, आणि मिस्त्रींचे मजूर एका लग्नाला गावी गेले. ते परतले तेव्हा वैशाखी अमावास्या होऊन गेली होती, आणि त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. अधिक मास म्हणजे मलमास, त्यात मंगलकार्य आरंभू नये.

मिस्त्री म्हणाले, गुरुजी, उद्या सकाळी ओततो. मी म्हटले, महिनाभर थांबा. त्यांनी वर आभाळाकडे बोट केले. म्हणाले, महिनाभर? मग वर पाऊस काय तुमची तारीख विचारून येणार?

आता नीट लिहा, कारण इथे माझी चूक आहे. शास्त्र असे सांगते की अधिक मासात नवे कार्य आरंभू नये, परंतु आधी आरंभिलेले कार्य पूर्ण करण्यास बाध नाही. हे मी जाणत होतो. शेकडो जणांना मुहूर्त देणारा मी, मला ठाऊक नसेल? परंतु पंधराच दिवसांपूर्वी पालेगावचे एक यजमान घराचा पाया घालण्यासाठी दिवस विचारायला आले होते, आणि त्यांना मी ठामपणे अधिक मास टाळा म्हणून सांगितले होते. ते म्हणाले होते, गुरजी, मग मजूर मिळनार नाय, भाताची कामा सुरू होतील. मी म्हटले होते, धीर धरा. आता माझ्याच घरावर मलमासात स्लॅब ओतला, तर ते काय म्हणतील? आरंभ आणि पूर्ती यांतला भेद मी घरोघर समजावत फिरू का? आणि मनाच्या तळाशी आणखी एक भय होते, की यात काही अशुभ घडले तर ते कांबळे सरांच्या लेकीवर जाईल. म्हणून मी थांबलो. लोक म्हणाले, गुरुजी शास्त्राचे पक्के. मी मान डोलावली.

कांबळे सर सुट्टीत भेटले तेव्हा म्हणाले, शास्त्रीबुवा, सिमेंटला पंचांग वाचता येत नाही हो. मी हसण्यावारी नेले.

अधिक मास संपायला आठवडा असताना पावसाने धरले. सिमेंटच्या गोण्या आतल्या खोलीत प्लास्टिकखाली रचल्या होत्या, वर छप्पर नाहीच. सौभाग्यवती रोज गोण्यांवर हात फिरवून पाहत, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर फिरवावा तसा. एके सकाळी म्हणाल्या, खालची रांग दगड झाली. मग वरचीही झाली. मिस्त्री येऊन एका गोणीवर टिचकी मारून गेले, म्हणाले, आता दिवाळीनंतर. सेंट्रिंग तसेच राहिले, सळ्या बांधलेल्या होत्या म्हणून.

आणि आषाढात नदी आली. सकाळची वेळ, वैदेही शाळेचे दप्तर भरत होती. पाणी आधी मोरीतून वर आले, मग दारातून, आणि पाहता पाहता कमरेला लागले. बाहेर पडावे तर रस्ता आणि नदी यांत भेद उरला नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, देव मी घेते, तुम्ही पतपेढीचे कागद घ्या आणि मुलीला घेऊन वर चढा. वर कुठे? तर त्या न ओतलेल्या स्लॅबवर. मिस्त्रींची शिडी होती. आम्ही तिघे त्या ओल्या सळ्यांच्या जाळीवर बसलो, डोक्यावर पाऊस, मांडीवर देवांचे ताम्हन, आणि खाली पाणी त्या लाकडी टेकूंना ढकलते आहे. थोड्या वेळाने एक टेकू निसटला. धप् असा आवाज झाला, आणि आमच्या खालचा पत्रा कोपऱ्यातून खचला. मग दुसरा. जे टेकू आम्ही सिमेंटचा भार पेलण्यासाठी लावले, त्यांवर आता माझा संसार होता, आणि तो भारही त्यांना पेलवेना.

सौभाग्यवती म्हणाल्या, अहो, काहीतरी म्हणा, मुलगी थरथरते आहे. आणि काय सांगू तुम्हाला, सांगायला लाज वाटते, जन्मभर स्तोत्रे शिकवलेल्या या जिव्हेवर एक ओळ येईना. रामरक्षेचा आरंभही आठवेना. सगळे पुसून गेले होते. शेवटी वर्गात रोज म्हणून घेतो तेच ओठांवर आले, रामः रामौ रामाः, रामम् रामौ रामान्. वैदेही भिजल्या तोंडाने म्हणाली, बाबा, आज शाळा आहे का? आणि मग तीही म्हणू लागली. सप्तमीपर्यंत पोहोचायचो आणि पुन्हा प्रथमेपासून. दुपारी गावातली चार मुले ट्रकची ट्यूब घेऊन पोहत आली आणि त्यांनी आम्हाला एकेक करून उंचावरच्या शाळेत नेऊन सोडले.

दुसऱ्या दिवशी चिखल उपसत होतो तर कांबळे सर दारात. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चटणीभाकरीचा डबा. त्यांनी घर पाहिले, दगड झालेल्या गोण्या पाहिल्या. वाटले, आता हे हप्त्याचे विचारतील. ते कडेला बसून म्हणाले, सर, खरे सांगतो, मी घाबरलोय. तुमच्या जिवासाठीही घाबरलो आणि हप्त्यासाठीही. दोन्ही एकदम वाटले याची लाज वाटते, पण वाटले. शास्त्रीबुवा म्हणाले नाहीत, सर म्हणाले. मी चिखलाचे हात जोडले. म्हटले, हप्ता चुकणार नाही. कशाच्या बळावर म्हटले, ईश्वर जाणे.

त्यानंतरची वर्षे मी घाबरून काढली, एवढेच सांगता येईल. स्लॅबला पैसा उरला नाही, म्हणून खांबांवर तात्पुरते पत्रे टाकून राहिलो. सकाळी शिकवण्या, रविवारी पूजा. सौभाग्यवती उल्हासनगरहून ब्लाउजचे गठ्ठे आणून त्यांना हुक लावीत, त्यांच्या बोटांना घट्टे पडले. पगाराच्या दिवशी मी आधी पतपेढीत जाई, मग घरी. शेठजींना दर महिन्याला थोडे थोडे पोचवी, ते चहा पाजत, आणि मी तो घाईने संपवून निघे. पालेगावच्या त्या यजमानांकडेही मी एकदा गेलो, आणि माझ्या घरी शास्त्राची अडचण नव्हती, माझीच होती, असे त्यांना सांगितले. ते म्हणाले, आमाला ठावं होता गुरजी, तुमी आमाला भ्यालात.

पुढे वेतनातल्या फरकाची रक्कम एकदम हाती आली. मी आनंदाने म्हटले, सगळे कर्ज आजच फेडून मोकळे होऊ. सौभाग्यवती हुक लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, आणि पावसाळ्यात? कर्ज फिटल्याचा दाखला हातात धरून पाण्यात उभे राहायचे का? अर्धे कर्जात भरा, अर्ध्याचा स्लॅब घाला, आणि वैदेहीच्या नावे थोडे टाका, तिचे शिक्षण तरी कुणाच्या सहीवर नको. मी म्हटले, मला भीती वाटते. त्या म्हणाल्या, मलाही वाटते, पण मी भीत भीत हुक लावतेच ना?

तसेच केले. मिस्त्री ज्या दिवशी मोकळे होते त्या दिवशी स्लॅब ओतला. मी पंचांग उघडले नाही, असे म्हणणार नाही. उघडले, आणि मिटून बाजूला ठेवले. एक हप्ताही चुकला नाही. सुजाताचे डी.एड. पूर्ण झाले, ती आमच्याच शाळेत शिक्षिका झाली. माडीवरची खोली हळूहळू झाली, आधी भिंती, दोन वर्षांनी गिलावा, खिडक्या तर परवा बसल्या. शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात भरला. कांबळे सर निवृत्त झाले आहेत, तरी पतपेढीत सोबत आले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, शास्त्रीबुवा, आज जेवण जाईल बघा.

आता तुम्ही विचाराल, मग भय गेले का? काल सुजाता आली होती. पालेगावात जागा घेते आहे, कर्ज काढते आहे. वडील निवृत्त, त्यांची सही चालत नाही. म्हणाली, काका, तुमची अजून तीन वर्षे नोकरी आहे, जामीन राहाल? बाबा म्हणाले, काकांना विचार, पण आग्रह करू नकोस. मी सही केली. आणि ती गेल्यावर, काय सांगू तुम्हाला, तेच जुने भय परत आले. पोरीचा पगार वेळेवर होईल ना, घरी दुखणे तर येणार नाही ना. इतकी वर्षे मी समजत होतो की कर्जाचे भय माझे एकट्याचे. ते माझ्या बरोबरीने बुवापाड्याच्या एका घरातही कुणी रोज वागवत होते, आणि तरी मधल्या सुट्टीत माझ्याशी थट्टा करीत होते. मलाही आता तेवढे जमले पाहिजे.

हे कुणी वाचील त्याच्या घराचा पाया ओल्यात न खचो. त्याच्या चुलीवर अन्न राहो, ज्याचे देणे आहे त्याच्याकडे सन्मुख जाण्याचे बळ त्याला मिळो, आणि ज्याने त्याच्यासाठी सही केली, त्याची लेकरेबाळे सुखाने शिकोत. सर्वांचे कल्याण असो.