सालाखालची चांदणी

माझं माहेर नांदूरघाटाच्या अंगाला. जमीन हाय म्हणायला, पर समदी मुरमाड, बाजरी आली तर आली. दादा म्हंजी माझा बाप, त्यो निजामाच्या राज्यात वाढलेला, आन् ते राज्य गेलं तरी त्याच्या डोक्यातून मरूस्तोवर गेलं न्हाई, त्याचीच ही गोष्ट म्हणा ना ताई.

मोठा दुष्काळ पडला तवा आमी समदे खडी फोडायला जायचो, खायला सरकारी कोरडी सुकडी मिळायची, ती गिळताना घसा वाळून जायचा. माझा थोरला भाऊ भानू, मिसरूड फुटलेलं पोरगं, मुकादमाला उलटून बोलला, आन् दादानं समद्या लोकांत त्याच्या कानाखाली वाजिवली. मुकादम काम बंद करील ही धास्ती, दुसरं काय. पर पोरगं लई मानी. हातोडा खाली ठिवला आन् रस्त्यानं चालाय लागला, आमाला वाटलं जाईल कुठं, येईल घरी. त्यो काय आला न्हाई.

आमच्यात पयल्या कमाईतलं एक नाणं घरच्या देवाला धाडायची रीत हाय, पोरगं कुठंबी कमवाय जाऊ. तर साल उलटलं आन् मांजरसुंब्याच्या एका हाटेलवाल्यानं आमच्या गावच्या माणसाजवळ चार आण्याचं नाणं दिलं. काय तर म्हणं एका टरकवाल्यानं देऊन ठिवलंय, भानूचं हाय, खुशाल हाय म्हणला, देवापुढं ठेवा. कुठं हाय, तर तेबी टरकवाल्यानं सांगितलं व्हतं, पर हाटेलवाला इसरला. इसरला बघा. गिऱ्हाइकाच्या गर्दीत त्यो तरी काय काय ध्यानात ठेवील. आई त्या नाण्याला हळदकुंकू लावून रडायची.

दादा ते नाणं घेऊन वडवणीच्या बाजारात सोनाराकडं गेला, मी संगं गेलते. सोनारानं भिंग लावलं, म्हणला सालाचे आकडे हायेत ना, त्याच्या खाली बघा, बारकी चांदणी हाय, म्हंजी हे हैदराबादच्या टाकसाळीतलं. मुंबईचं आसतं तर पत्त्यातल्या चौकटवानी खूण आसती, कलकत्त्याचं आसतं तर मोकळंच. एवढंच सांगितलं बिचाऱ्यानं. पर दादाच्या लेखी काम झालं. त्याच्या ल्हानपणी निजामाचा हाली शिक्का निजामाच्या हद्दीतच चालायचा, नगरच्या हद्दीत पाय ठिवला की इंग्रजाचा कलदार लागायचा, हालीला तिकडं कुत्रं इचारीत न्हवतं. तवा नाणं हैदराबादचं म्हंजी पोरगं हैदराबादलाच, ह्यात इचारायचं काय बे, आसं सोनारालाच दटावलं. सोनार म्हणला, आवं, आता राज्य एक झालंय, नाणं कुठंबी फिरतं. दादा म्हणला, तू तुझं भिंग सांभाळ.

मंग काय सांगू तुमाला, उन्हाळा आला की म्हातारा निघाला हैदराबादला. टेसनावर हमालांची तोंडं बघायचा, गिरणीच्या दारात उभा ऱ्हायचा, मिळंल तिथं निजायचा. उर्दू त्याला येत व्हती, म्हणायचा लोकं लई चांगले, चहा पाजतेत, पर भानू घावत न्हाई. गावच्या टोळ्या दर साली पश्चिमेला साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायच्या, आई म्हणायची आवं, त्यांच्यासंगं एकदा तिकडं जाऊन बघा, तर म्हणायचा तिकडं ही चांदणी चालत न्हाई. थकला, खोकला लागला, आन् गेला.

माझं लगीन तवर झालेलं, सासरची माणसं कोयत्याची, ऊस तोडणारी. दादा गेल्याच्या पुढच्या साली आमची टोळी एका लांबच्या सहकारी कारखान्यावर पडली. काट्यावर वजनाला बैलगाड्यांची ही लांब रांग, आमचा बैल बिथरला, मी त्याला शिव्या घातल्या, आन् काट्यावरचा एक खाकी कपड्यातला माणूस जवळ येऊन बघायलाच लागला. म्हणला, ही शिवी आमच्या आईची हाय. भानू व्हता.

रडलो का तर रडलो. पर त्याचा पयला सवाल काय, तर तुमी कावून न्हाई आला. म्हणला, कारखान्याचं नाव सांगून धाडलं व्हतं, लई वाट बघितली, दादाचा राग गेला नसंल म्हणून मंग मीबी आलो न्हाई. मी सांगितलं, दादा गेला, जिता व्हता तवर तुला हैदराबादला हुडकीत व्हता. त्यो म्हणला, हैदराबादला? तिथं माझं कोण हाय? मंग मी चांदणीचं सांगितलं. त्यानं खिशातली चिल्लर काढली, उसाच्या मोळीवर मांडली, एक एक उलटून बघितलं. निम्म्यांना चांदणी. म्हणला, ते नाणं मला इथल्याच दारातल्या चहावाल्यानं सुट्टं दिलं व्हतं गं. मागून गाडीवाले वरडत व्हते, रांग पुढं सरकली व्हती.

आता भानूबी म्हातारा झाला. तिकडंच ऱ्हातो, पितरपाटात दादाच्या नावानं जेवाय येतो. दर साली हात धुतला की इचारतो, दादाचा राग गेलता का गं. मी म्हणते आरं, राग आसता तर म्हातारा आसा वणवण हिंडला आसता का. मान हलिवतो, सुपारी तोंडात टाकतो आन् एष्टीला लागतो. पुढच्या साली पुना तेच. मी तरी किती सांगू ताई, माझंबी वय झालं. देव त्याला सुखात ठेवो. जे दादानं सांगायचं ते माझ्या तोंडून ऐकून त्याला पटत न्हाई.