गिनीपिगचे दात आणि दादरचे पेरू

पाटीत पडलेला पेरू बाजाराचा, घरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही! का? तर विचारायचं नाही! तुम्हाला सांगते, वसईला आमची स्वतःची वाडी, पेरूची पंचवीस झाडं, आणि मी बी.एस्सी.ला पोचले तरी चांगल्या पेरूची चव माहीत नाही! चांगला तो दादरला, किडका तो घरला...

त्यात दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचा गिनीपिग घरी आणला. प्लासिड सर म्हणाले, "विमला, जिवंत परत आण हं!" त्याला द्वारकाआत्याच्या हवाली करून मी तीन आठवडे मामाकडे गेले. परत येऊन बघते तर काय, लाळ गळतेय, पुढचे दात हलतायत, खाणं बंद!

"आत्या, काय घातलंस याला?"

"अगो, पाव्हणा तो! कोंडा घातला, वाळकी भाकरी घातली. कडक खाल्लं की दात घट्ट होतात. नायच झाले तर मिशेरी लावू."

मिशेरी! गिनीपिगला! आणि हिरवा पाला? पाला बाजाराचा! का? विचारायचं नाही!

मी समजावलं, "आत्या, याचे दात जन्मभर वाढतात, पण क जीवनसत्त्व पोटात गेलं तर! ते नसलं की दात आतून भरत नाहीत, हिरड्या सुटतात, आणि हा उपाशी मरतो!"

तर अप्पा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावरून म्हणतात, "जीवनसत्त्व? आमी नाय कदी खाल्लं!" तोंडात दात किती? तीन!

मग काय, रोज पाटीतला एक पेरू उचलायचा, किसायचा, बोटाने चाटवायचा. चौथ्या दिवशी गडी आपणहून कीस खायला लागला, इतका आनंद झाला म्हणून सांगू... आणि नेमके तेव्हाच अप्पा मागे उभे!

"ठेव तो पेरू पाटीत!"

"नाही ठेवणार! आज थांबले तर हा मरेल. आणि साठ वर्षं दादरला पाठवताय, तुम्हाला तरी माहीत आहे का, हा लागतो कसा?"

अप्पांनी तोंड उघडलं... मिटलं. आत्याकडे पाहिलं. आत्या पदराशी चाळा करत राहिली. अहो, ओरडणाऱ्यांशी भांडता येतं, गप्प बसलेल्यांचं काय करायचं?

घेतली किसणी, आणि बसले या दोघांसाठी आणखी दोन पेरू किसत.