पाय उचलला होता

ब्रेकचं काम होईपर्यंत शिक्षिकाबाईंनी गॅरेजच्या बाकावर पेपर उघडला खरा, पण कान काउंटरपाशीच होते. तिथे एक जोडपं मेकॅनिकशी बोलत होतं; सुरुवात नवऱ्याने केली.

"ॲक्सिलरेटर अडकला म्हणे! घातली गाडी घाटातल्या भिंतीवर."

"पाय उचलला होता मी. दुसऱ्या बाजूला दरी होती, म्हणून भिंतीवर घातली."

"तू गप्प बस. नंतर मी चालवली की! काही अडकत नाही."

"वहिनी, घाटात गारठा होता?"

"धुकं होतं. काचेवर बर्फ जमत होता."

"थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, गरम पाणी नेणारे पाइप काढून एकमेकांना कुणी जोडले?"

"मीच. हवा थंड मिळाली की जुन्या इंजिनाची ताकद वाढते."

"साहेब, झडपेवर बर्फ धरू नये म्हणून असतं ते पाणी. बर्फ धरला की झडप उघडीच अडकते. गाडी थांबली की वितळतो, मागमूस राहत नाही."

बाईंचा पेपर खाली आला.

"मग... पूर्वीसारखं जोडून टाका."

"तासाभरात देतो. नेणार कोण?"

"मी नेणार. घाटातूनच. तुम्ही शेजारी बसा, आणि गप्प बसा."