सातव्या मजल्याची लिफ्ट

दवाखान्यात लिफ्टसाठी रांग होती. माझ्या पुढे लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक आणि लॅपटॉप छातीशी धरलेली, त्याच कंपनीत लिफ्टच्या नोंदी सांभाळणारी त्याची भाची उभी होती.

"तो तुझा तपासणीच्या तारखेचा रकाना आज तरी सक्तीचा होणार का गं? साहेब माझं डोकं खातोय."

"होईल की. मग तपासणीची तारीख टाकल्याशिवाय कुठल्याच लिफ्टची नोंद होणार नाही. पण एका जुन्या नोंदीत तारीखच नाही, म्हणून डेटाबेस नियम लावू देत नाहीये."

"मग टाक आजची तारीख आणि हो मोकळी."

"म्हणजे ती आज तपासली असं होईल, मामा. मग वर्षभर तिच्याकडे कुणी फिरकणार नाही."

"डेटाबेसला काय कळतंय?"

"त्याला नाहीच कळत. पण रकाना रिकामा आहे तोवर निदान दिसतं तरी, की तपासणी राहिलीय."

"एवढं शहाणं कुणी केलं हिला?"

"तूच. ब्रेक बघितल्याशिवाय सही करायची नाही, असं घरभर कोण सांगत असतं?"

"बरं बाई, हरलो. पण कुठली लिफ्ट आहे ती?"

"हीच. उगाच नाही तुला इथे ओढत आणलं."

"आणि ही माणसं सातव्या मजल्यावर जाणार हिच्यातून?"

लिफ्ट आली. दार उघडलं. रांगेतलं कुणीच हललं नाही.

"थांबा हं सगळे," भाची आमच्याकडे वळून म्हणाली. "मामा, तू जिन्याने वर मशीनच्या खोलीत जा आणि ब्रेक बघ. तुझी तपासणी झाली की तारीख मी टाकते, आणि पहिली मीच आत जाते."