कुणाचाच नसलेला टॅब

मृणालवहिनी, तुमची लेक ईरा आणि माझ्या सगळ्या डार्मश्टाटकरांनो,

मागे उभे आहात ते पुढे या. खुर्च्या आहेत. एरवी हे सांगायचं काम हेमंतचं. आज तो नाही, म्हणून ते माझ्यावर आलंय. सांभाळून घ्या.

मी विवेक. हेमंतच्याच ऑफिसात, त्याच्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं बसलो. मला माइकची भीती नाही. ऑफिसात मी लोकांना शिकवतो, ब्राउझरमधले टॅब कसे लावायचे, पसारा कसा आवरायचा, एका वेळी एकच काम कसं करायचं. चाळीस जर्मनांसमोर बोलताना मला कधी घाम फुटला नाही. आज फुटलाय. कारण मी आज हेमंतच्या आठवणी सांगायला उभा नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती करायची मला भीती वाटते.

हेमंतचा लॅपटॉप कुणी पाहिलाय? हसताय. म्हणजे पाहिलाय. वर एवढे टॅब उघडे, की नावं दिसायचीच नाहीत, नुसती बारकी चित्रं. मी म्हणायचो, "अरे, हा ब्राउझर आहे की मंडई?" तो म्हणायचा, "विवेक, एकेक टॅब म्हणजे एकेक माणूस आहे. बंद केला तर मी विसरेन."

आणि खरंच होतं ते. आपण सगळ्यांनी काय केलं? भेटला की, "हेमंतदादा, जरा बघ ना." तो घरी जायचा आणि एक टॅब उघडायचा. काम होईपर्यंत तो मिटायचा नाही. ना वही, ना यादी. प्राजक्ताताई, तुमच्या धाकटीच्या किटाची, पाळणाघराची, वेटिंग लिस्ट तिथे होती. कौस्तुभ, तू विद्यापीठात आलास तेव्हापासून तुझ्या वोनुंगसाठी, भाड्याच्या घरासाठी, पाच टॅब होते. पाच! देशमुखकाका, तुमच्या विम्याचा फॉर्म अर्धा भरलेला होता.

मला ते बघवायचं नाही. मी शिस्तीचा माणूस. एका रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि म्हटलं, आज हे आवरायचंच. तीनच गट करायचे. आज, या आठवड्यात, आणि वाचायचं. दोन आठवडे ज्या टॅबला हात लावला नाही, तो बंद. दयामाया नाही.

काय भांडला हो तो! एकेका टॅबसाठी भांडला. "तो नको, त्यांचा उद्या टेर्मिन आहे, वेळ ठरलीय." "तो नको, त्या पोराला या महिन्यात घर सोडायचंय." मी दहा बंद करायचो, तो सात परत उघडायचा. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार आहेस? तो हसला आणि चहा टाकायला उठला.

तेवढ्यात एक टॅब आला. नुसतं कॅलेंडर. सगळे चौकोन करडे, पुढचे तीन महिने एकही तारीख मोकळी नाही. वर लिहिलेलं, कार्डिओलोगी. हृदयाचा डॉक्टर. मी विचारलं, "हा कुणाचा?"

तो ओट्याकडे तोंड करून उभा होता. मागे न वळता म्हणाला, "तो कुणाचा नाही."

"मग बंद करू?"

"कर."

दुपारभर भांडणारा माणूस, त्या एका टॅबसाठी भांडला नाही. आणि मी बंद केला. वर लिहिलेलं वाचून बंद केला. ऐकताय ना? वाचून.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ऑफिसची लिफ्ट बंद होती. आम्ही दोघं जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. मीही थांबलो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं तो थांबला म्हणून. मग तो खाली बसला. म्हणाला, "आल्झो, थांब, एक मिनिट." बस्स, एवढंच बोलला.

त्या दिवसापासून मला एकच विचार. मी मारलं का याला? जेवताना तेच, ट्राममध्ये तेच. मी स्वतःला समजावतो, की पान परत उघडायला अर्धं मिनिट लागतं, त्याला हवं असतं तर उघडलं असतं. पटत नाही. भीती जात नाही.

परवा वहिनींनी मला घरी बोलावलं. ड्रॉवरमध्ये एक कागद सापडला होता. हाउसआर्त्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी, हृदयाच्या डॉक्टरकडे जायची. वहिनींनी विचारलं, "भावजी, तुम्हाला हे माहीत होतं?" तेव्हा मी त्यांना त्या रविवारचं सगळं सांगितलं. वाटलं, आता या मला घराबाहेर काढणार. काढायला हवं होतं.

वहिनींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला त्याने सांगितलं होतं, जाऊन आलो, सगळं ठीक आहे. तो घाबरला होता, भावजी. तुम्ही टॅब बंद केलात तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं असेल."

वहिनी, मी लहान मुलासारखा रडलो तुमच्यासमोर. तुम्ही मला पाणी दिलंत. आणि मग विचारलंत, "तुमचं काय? तुम्ही सगळं तपासून घेतलंय ना?"

मी म्हणालो, "हो. जाऊन आलो. सगळं ठीक आहे."

वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्याचंच वाक्य, त्याच घरात, तुमच्याच तोंडावर. तशीच चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. जानेवारीपासून, म्हणजे त्या रविवारच्याही आधीपासून. माझ्या लॅपटॉपवर ते पान तुम्हाला सापडणार नाही, कारण मी ते कधी उघडलंच नाही. सगळे म्हणतात, विवेकचा ब्राउझर बघा, किती स्वच्छ! गेनाऊ, अगदी बरोबर. फारच स्वच्छ.

म्हणून त्या रविवारी मी पुढे काही विचारलं नाही. मी खोदून विचारलं असतं, तर त्यानेही मला विचारलं असतं. दोन शिकलेली माणसं, चहाचे कप हातात धरून, एकमेकांना घाबरून गप्प बसली. त्यातला एक गेला.

माझी बायको, शुभदा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय. शुभदा, रागाव. हवं तेवढं रागाव. पण उद्या सकाळी आठला आपले नेहमीचे डॉक्टर दवाखाना उघडतात, तिथे माझ्याबरोबर ये. मी एकटा निघालो तर वाटेतून परत येईन. मी स्वतःला ओळखतो.

हेमंत, तू भ्यालास आणि बोलला नाहीस. मी भ्यालो आहे, आणि तुझ्या माणसांसमोर बोललो आहे. तुझ्यासाठी एवढंच करता आलं, तेही उशिरा.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. शुभदा, तू तेवढी इथे पुढे ये. माझ्याजवळ उभी राहा.