वाळलेलं पान ओल्यात

...नाही, पण मला सांगा, चूक कोणाची? पोरांची? अहो, पोरांना शिकवलं कोणी? मीच ना! बावीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतोय, कोणी विचारलं नाही की बाबा, जेवलास का, आणि एके दिवशी प्राचार्य केबिनमध्ये बोलावतात, आत एसी असा की माझे दात वाजतायत, आणि म्हणतात, "मामा, कॉलेजचा कार्बन खाली आला पाहिजे. आजपासून तुम्ही कचरा-प्रशिक्षक." घ्या! हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि वनस्पतिशास्त्रातला माणूस असून मी चढलो.

तुम्हाला सांगतो, वर्गावर्गात फिरलो. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा. पोरं बिलंदर! "मामा, केळ्याची साल?" ओल्यात. "मामा, पेनातली रिफिल?" सुक्यात. "मामा, वाळलेलं पान? ते तर सुकंच की." इथे मी छाती पुढे काढायचो. बाळांनो, भलेभले इथेच फसतात. ज्याचं खत होतं ते ओलं. वाळलेलं पान ओल्यात! लिहून घ्या. आणि घेतलं हो पोरांनी लिहून... आयुष्यात पहिल्यांदा.

आता आमचे वनस्पतिशास्त्राचे जुने सर. त्यांचं काम कसं, तर रानातून पान आणायचं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचं, वर विटा ठेवायच्या, वाळलं की त्याच घडीत कोपऱ्याला चिठ्ठी चिकटवायची. नाव, जागा, तारीख. दर रविवारी सर आणि बाई, म्हणजे सरांच्या मंडळी, कॉलेजमागच्या टेकडीवर जायचे. सर खुडायचे, बाई लिहायच्या. एकतीस वर्षं! बाराशे घड्या, प्रयोगशाळेतलं एक लाकडी कपाट भरून. मग बाई गेल्या. मग टेकडीही गेली, तिथे आता गाड्या लावतात. सर निवृत्त झाले, डोळे अधू झाले, पण दर गुरुवारी यायचे. मी स्टूल द्यायचो, भिंग द्यायचो, गठ्ठा सोडायचो. तासभर वाकून बसायचे. मला वाटायचं, पानं बघतायत.

तर कॉलेजाकॉलेजांची कचऱ्याची स्पर्धा लागली. पोरांनी प्रयोगशाळा साफ करायला घेतली, आणि मी कुठे होतो त्या दिवशी? दुसऱ्या कॉलेजात... कचरा शिकवायला! संध्याकाळी येतो तर कपाट उघडं. लखलखीत. आत फडकं मारलेलं. पोरांच्या कचरा-समितीची मुलगी धावत आली. "मामा, काय हो साठवून ठेवलं होतं! रद्दी, आणि प्रत्येक रद्दीत वाळलेली पानं! सगळं एकत्र! आम्ही दहा जणांनी बसून एकेक घडी उघडली. पान ओल्यात, कागद सुक्यात. मामा, एकसुद्धा चूक नाही!"

तिचा चेहरा असा फुललेला. म्हटलं, "शाबास, बाळा." आणि पळालो. खताच्या खड्ड्याकडे गेलो, तर पानांचा यंत्रातून भुगा झालेला. कागदाकडे गेलो, तर ट्रक लगद्याच्या कारखान्याकडे निघून गेलेला. तिथेच बसलो हो मी. मातीत. वाळलेलं पान ओल्यात... माझंच वाक्य, माझ्याच दारात येऊन उभं!

आला की गुरुवार. तोंड कसं दाखवू? मग मी, लाज वाटते सांगायला, आवारातली दहा-बारा पानं तोडली, बायकोच्या इस्त्रीखाली वाळवली, नव्या वर्तमानपत्रात घातली. म्हटलं, डोळे अधू आहेत, निभावेल. सर बसले. घडी उघडली. पानाला हातसुद्धा लावला नाही! बोट सरळ कोपऱ्यात गेलं. तिथे चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"चिठ्ठी कुठे आहे रे?"

सांगितलं सगळं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. भिंगाची मूठ पुसली आणि म्हणाले, "पानांचं काही नाही रे. त्यांचं खतच व्हायचं असतं. पण अक्षर तिचं होतं. घरी तिने कधी ओळ लिहिली नाही. सामानाची यादीसुद्धा तोंडी सांगायची."

आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस पानं बघतोय!

बरं, निकाल लागला. पहिला नंबर! प्रशस्तिपत्रक आलं, खाली बारीक अक्षरात छापलेलं, 'हा कागद आपल्याच महाविद्यालयाच्या रद्दीपासून बनवला आहे.' मी ते गुरुवारी सरांपुढे ठेवलं. सरांनी मजकूर वाचलाच नाही. पालथं केलं, भिंग लावलं, आणि त्या खरबरीत कोऱ्या बाजूवर इंच इंच सरकत राहिले. एका जागी थांबले. "हा निळा ठिपका... शाईचा असेल?"

म्हटलं, "शाईचाच, सर." मला काय ठाऊक हो! पण नाही कसं म्हणू?

सरांनी कागद शर्टाच्या आत, छातीशी धरला आणि हळूहळू चालत गेले. त्यानंतर गुरुवारी आले नाहीत. मी स्टूल अजून मांडतो.

काल प्राचार्यांनी बोलावलं. एसी चालूच. "मामा, फ्रेमवाला येऊन बसलाय. प्रशस्तिपत्रक कुठाय?"

म्हटलं, "साहेब, माझ्या हातून सुक्यात गेलं."

साहेब म्हणाले, "हरकत नाही, मामा. ओल्यात नाही ना टाकलंत?"